चपला घालताना विचारलेले प्रश्न : संकटात देवाचा आश्रय

दर शनिवारी दुपारी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, आम्ही चार-पाच बायका आजाऱ्यांना आणि नुकतंच कुणी गेलंय अशा घरांना भेटायला जातो. एक गीत होतं, शास्त्रवाचन होतं, प्रार्थना होते, चहा होतो. खरा प्रश्न मात्र या सगळ्यानंतर येतो. आम्ही दारात चपला शोधत असतो आणि घरातलं कुणीतरी हळूच विचारतं, "काकू, एक विचारू?"

ते प्रश्न आणि त्यांना जमेल तशी दिलेली उत्तरं इथे उतरवली आहेत. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई आहे, त्यामुळे मध्येच इतिहासाचा तास सुरू झाला तर सांभाळून घ्या.

"देव आमचा आश्रय" असं आपण म्हणतो. म्हणजे नेमकं काय? संकट तर टळत नाही.

नाही टळत. ज्या स्तोत्रातून ही ओळ आली ते बायबलमधलं ४६वं स्तोत्र नीट वाचा. "देव आमचा आश्रय व आमचे सामर्थ्य आहे, तो संकटसमयी साहाय्य करण्यास सदा सिद्ध असतो." लगेच पुढच्या ओळींत पृथ्वी हलतेय, डोंगर समुद्रात कोसळतायत, पाणी गर्जतंय. हे सगळं चालू असतानाच आश्रयाची भाषा आहे. वादळ संपल्यावरची नाही.

त्याच स्तोत्रात देवाला दुर्ग म्हटलंय. आता दुर्ग म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला शिकवायला नको. गड पहिल्यांदा चढलात की लक्ष तटाकडे, बुरुजाकडे जातं. पण जाणता माणूस आधी विचारतो, पाणी कुठाय? रायगडावर गंगासागर तलाव आहे. बहुतेक गडांवर कातळात खोदलेली टाकी आहेत. तट कितीही जाड असो, आत पाणी नसेल तर वेढा पडल्यावर गड जास्त दिवस टिकत नाही.

स्तोत्र लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक होतं. कोसळते डोंगर आणि खवळलेला समुद्र यांच्या लगोलग तो एका नदीबद्दल लिहितो, जिचे प्रवाह देवाच्या नगराला आनंद देतात. गंमत अशी की यरुशलेमेला नदीच नाही. होता तो गीहोनचा झरा, आणि तोही तटाच्या बाहेरच्या अंगाला. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब चाल करून आला. त्याच्याशी सामना होणार म्हणून हिज्कीया राजाने कातळातून सुमारे ५३३ मीटरचा बोगदा खोदून झऱ्याचं पाणी शहराच्या आत, शिलोहाच्या तळ्यात आणलं. खोदणारे दोन्ही टोकांकडून आले आणि शेवटी कातळापलीकडून एकमेकांच्या हाका त्यांना ऐकू आल्या, असं तिथे सापडलेल्या शिलालेखात कोरलेलं आहे. हे स्तोत्र त्याच वेढ्याच्या आठवणीतून आलं असावं, असं काही अभ्यासक मानतात. नक्की कुणीच सांगू शकत नाही, पण मला ते पटतं.

म्हणून मला विचाराल तर देवाचा आश्रय म्हणजे वेढा उठणं नव्हे. वेढा असतानाही आत पाणी असणं. ते पाणी कसं येतं, कुणाच्या हातून येतं, हे पुढच्या प्रश्नांत येईलच.

स्तोत्र ९१ दारावर लावलंय. तरीही घरात आजार आलाच. मग?

२०२० मध्ये मीही लावलं होतं, सेलोटेपने. अजून डाग आहे.

देव मरीपासून राखील असं सांगणारं ते स्तोत्र सुंदर आहे, पाठ करा, रात्री मुलांसाठी म्हणा. फक्त एक लक्षात असू द्या. येशूच्या परीक्षेच्या वेळी सैतानाने जे शास्त्रवचन पुढे केलं ते नेमकं याच स्तोत्रातलं होतं : मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशूने उडी टाकली नाही. वचन खोटं होतं म्हणून नव्हे, देवाला असं कोंडीत पकडायचं नसतं म्हणून. वचन म्हणजे ताईत नाही. दारावरचा कागद काढा असं मी म्हणत नाही. त्याच्याकडे विम्याची पॉलिसी म्हणून पाहू नका, एवढंच.

नाशिकचं शरणपूर आणि बायबलमधली शरणपुरं, यांचा काही संबंध आहे का?

हा प्रश्न एका कॉलेजच्या मुलाने विचारला होता आणि त्या दिवशी आम्ही चपला पुन्हा काढून आत बसलो.

संबंध आहे. गणना, अनुवाद आणि यहोशवा या पुस्तकांत सहा शरणपुरं सांगितली आहेत. यार्देनेच्या पश्चिमेला केदेश, शखेम आणि हेब्रोन. पूर्वेला बेसेर, रामोथ आणि गोलान. कुणासाठी? तर ज्याच्या हातून चुकून माणूस मेला त्याच्यासाठी. शास्त्रातलं उदाहरण अगदी रानातलं आहे : दोघे लाकडं तोडायला गेले, कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं आणि सोबत्याला लागलं. मेलेल्याचे नातेवाईक सूड घ्यायला निघणार. या माणसाने शरणपुराकडे पळायचं. तिथे वाटा नीट ठेवलेल्या असाव्यात, असाही आदेश आहे. वेशीत उभं राहून त्याने वडीलधाऱ्यांना आपली हकिगत सांगायची. त्यांनी त्याला आत घ्यायचं आणि राहायला जागा द्यायची. परदेशी माणसालाही हीच सोय.

आणि तो तिथे किती दिवस राहायचा? न्यायनिवाडा होऊन तो निर्दोष ठरला तरी त्या वेळचा मुख्य याजक मरेपर्यंत. म्हणजे कदाचित वर्षानुवर्षं. तिथे तो स्वयंपाक करणार, काम शोधणार, शेजाऱ्यांशी भांडणारसुद्धा. आश्रय म्हणजे राहण्याचं गाव आहे. आपल्याला मात्र तो एस.टी. स्टँडसारखा हवा असतो, पाऊस थांबला की निघालो.

नाशिकजवळची वसाहत १९व्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवली आणि तिचं नाव याच शब्दावरून आलं. आज शरणपूर रोडच्या सिग्नलला उभ्या असलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल! अरबी समुद्रात गुलाम घेऊन चाललेली गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं. त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुलं या शरणपुरात वाढली, लिहायला-वाचायला आणि कारागिरी शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या मध्यावर मरण पावला. त्याचं हृदय झाडाखाली पुरलं तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकबने. पुढे तो त्या पार्थिवासोबत थेट लंडनपर्यंत गेला. घरातून ओढून नेलेलं, विकलेलं एक पोर. नाशिकच्या आश्रयात वाचायला शिकलं आणि परक्या माणसाच्या मरणाशी उभं राहून त्याच्यासाठी प्रार्थना वाचली.

"मी आईला दवाखान्यात उशिरा नेलं." याला काय उत्तर आहे?

हा प्रश्न नसतो, पण सगळ्यात जास्त वेळा येतो. "रिपोर्ट आधीच काढायला हवे होते." "त्या दिवशी मी त्याला गाडी द्यायला नको होती."

वरची कुऱ्हाड आठवा. शरणपूर हे नुसतं दुःखी माणसासाठी नव्हतं, ज्याच्या हातून काहीतरी घडलं त्याच्यासाठी होतं. "तुझी काहीच चूक नाही" असं म्हणून मी लोकांना घाईघाईने गप्प करत नाही, कारण त्यांना ते खरं वाटत नाही. वेशीत उभं राहून हकिगत सांगू द्यावी. पूर्ण. तारखेसकट, रिक्षावाल्यासकट. बहुतेकदा सांगता सांगता माणसालाच दिसतं की त्या वेळी जेवढं कळत होतं तेवढ्यावर त्याने निर्णय घेतला होता. आणि जिथे खरंच हलगर्जी झाली असेल, तिथे देवापाशी तसं कबूल करता येतं. ज्याची क्षमा मागायची तो माणूस मातीत गेला तरी क्षमा करणारा देव जागेवर आहे.

ही माझ्या पापांची शिक्षा आहे का?

येशूला हेच विचारलं होतं. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशू त्याच बातमीचा दाखला देऊन विचारतो : ते अठरा जण यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? तेव्हाही, कुणाचंच नाही. आणि त्या आंधळ्याला येशूने डोळे धुवायला पाठवलं ते शिलोहाच्याच तळ्यावर, त्या वेढ्याच्या पाण्याकडे.

दारू पिऊन यकृत गेलं तर दारूचा परिणाम आहे, त्यात गूढ काही नाही. पण बाळाच्या हृदयाला छिद्र आहे म्हणून आईने आपल्या आयुष्यातली पापं धुंडाळत बसू नये. आणि तिला ती धुंडाळायला लावणाऱ्या नातेवाईकांना, ते कितीही प्रार्थना करणारे असले तरी, घरी पाठवावं.

देवाचा राग येतो. असं म्हणणं पाप आहे का?

दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं ही गाऱ्हाणी आहेत. १३व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओळींत चार वेळा "कुठवर?" आलंय. "कुठवर, परमेश्वरा?" ही प्रार्थना आहे, आणि इस्राएल लोक ती मंदिरात, वाद्यांवर, सगळ्यांसमोर गात. आपण मात्र रविवारी चांगलं लुगडं नेसून "सगळं ठीक आहे, देवाची कृपा" म्हणतो.

८८वं स्तोत्र काढून बघा. बहुतेक गाऱ्हाण्यांत शेवटी कुठेतरी "तरी मी तुझी स्तुती करीन" असं वळण येतं. यात नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द अंधार असा आहे. बस्स. तिथे संपतं. ज्यांनी ही पुस्तकं एकत्र केली त्यांना हे वगळता आलं असतं. त्यांनी ठेवलं. मला त्यांचे फार आभार मानावेसे वाटतात.

आणि वधस्तंभावर खुद्द येशूने जे म्हटलं, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", तेही २२व्या स्तोत्राचंच पहिलं वाक्य आहे. तेव्हा रागवा. फक्त त्याच्याशी बोलून रागवा, पाठ फिरवून नको.

प्रार्थना करायला बसते आणि शब्दच येत नाहीत.

मे २०२१. माझा धाकटा भाऊ पहाटे पावणेचारला गेला. आम्हाला आत सोडत नव्हते. मी दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर, पाण्याच्या बाटल्यांची पिशवी मांडीवर घेऊन. वहिनीचा फोन आला, तीही विलगीकरणात. "ताई, प्रार्थना करा." इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करते. तोंड उघडलं आणि काही आलं नाही. "प्रभू" एवढंच, आणि तेही अर्धं.

तेवढ्यात फोनच्या पलीकडून आमच्या आईचा आवाज आला. ऐंशी पार केलेली. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." लहानपणी शब्बाथशाळेत पाठ केलेलं, त्याच चालीत, कवितेसारखं. हिरव्या कुरणापर्यंत आली आणि विसरली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा विसरली. तिसऱ्यांदा वहिनीने पुढचा शब्द दिला, मग मी एक दिला. तिघींनी मिळून ते कसंबसं शेवटापर्यंत नेलं. दुपारी कबरस्तानात चार माणसं, पांढऱ्या पोशाखातली. पाळकसाहेब फाटकाजवळ लांब उभे. आम्ही फोनच्या स्पीकरवर.

त्यानंतर मी लोकांना सांगते, स्वतःचे शब्द शोधू नका. उसने घ्या. प्रभूची प्रार्थना आहे, आणि तिच्यात "माझी भाकर" नाही, "आमची" आहे, म्हणजे तुम्ही एकटे म्हणत असलात तरी तुमच्याबरोबर आणखी कुणी म्हणतंच आहे. वसईकडच्या माझ्या कॅथलिक मैत्रिणी जपमाळ घेतात. मणी सरकत राहतात, डोकं चाललं नाही तरी. आम्हा प्रॉटेस्टंटांना पूर्वी त्याचं थोडं हसू यायचं. आता मला येत नाही. आणि शब्दच नसतील तर नुसतं कण्हा. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्यातून आत्मा आपल्यासाठी विनंती करतो.

नवस बोलले आहे. पूर्ण करू का?

बोललात तर पाळा, निदान देवाशी खरं वागल्यासारखं होईल. पण नवसाचा सौदा होऊ देऊ नका. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात. माहीमला बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला, हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या, म्हणजे मारियेच्या, यात्रेला लोक लांबून येतात, त्यांत हिंदूही पुष्कळ. त्या गर्दीत उभं राहिलं की कळतं, मेणाचा पाय हा देवाला दिलेला भाव नसतो. "इथे दुखतंय" असं बोट ठेवून दाखवणं असतं. तेवढा ठेवा. "पोरगा पास झाला तरच चर्चला येईन" हे मात्र नको.

मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं तर विश्वास कमी आहे असं होतं का?

नाही. चष्मा लावल्याने होतो का?

एलीया संदेष्ट्याची गोष्ट १ राजे १९ मध्ये आहे. मोठ्या विजयाच्या दुसऱ्याच दिवशी हा माणूस खचला. राणीने जिवे मारण्याचा निरोप पाठवला, तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे आता, माझा प्राण घे. देवाने काय केलं? उपदेश केला नाही. "तू संदेष्टा ना, मग असं कसं बोलतोस" असंही नाही. तो झोपला. देवदूताने त्याला उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खाल्लं, पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा जेवू घातलं. बोलणं बऱ्याच दिवसांनी, होरेब डोंगरावर, आणि तेही अगदी हळू आवाजात. झोप, जेवण, सोबत, मग बोलणं. आजचे डॉक्टरही याच क्रमाने जातात. गोळी लिहून दिली असेल तर घ्या. प्रार्थना केली म्हणून मध्येच बंद करू नका.

मरणाचे विचार येत असतील तर शनिवारची वाट पाहू नका. आत्ता, घरातल्या कुणाला तरी उठवून सांगा, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतं, मराठीत बोलता येतं. एलीयाने जे म्हटलं ते तुम्हीही म्हणालात तर देव दचकत नाही.

एका प्रार्थनासभेत सांगितलं की औषधं बंद करा, आणि वर "पेरणी" म्हणून पैसे मागितले.

उठून या. दशांश, दान वेगळं. भीती दाखवून घेतलेला पैसा वेगळा. हात ठेवून प्रार्थना करणं आपल्यात आहेच, याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय. पण इन्सुलिन फेकून द्या असं त्यात कुठेही नाही. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो भगव्या कपड्यातल्यांना लागू आहे तसा गळ्यात क्रूस घातलेल्यांनाही आहे.

मनापासून मागितलं. उपास केला. तरी माणूस गेलाच.

याचं उत्तर माझ्याकडे नाही, एक चरित्र आहे.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई, थोरली बहीण अशी एकामागून एक माणसं गेली. उरले ते दोघं भावंडं, पायी हिंदुस्थान फिरत. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं; लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच, १८८२ मध्ये, नवरा पटकीने गेला. पदरात तान्ही मनोरमा. ख्रिस्ताकडे त्या यानंतर आल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा. आपण समजतो तसं गणित असतं तर इथून पुढे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं.

झालं काय? १८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसं मरतायत हे ऐकल्यावर रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. दुष्काळ काय असतो ते त्यांनी पोटाने ओळखलं होतं. केडगावची मुक्ती ही त्यांची संस्था त्यातून वाढली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. ज्या दुष्काळाने त्यांचं घर मोडलं तशाच दुष्काळात त्या दुसऱ्यांचं घर झाल्या. ही मी उपमा देत नाहीये. दौंड तालुक्यात आजही ती जागा आहे, रेल्वेने जाता येतं.

आणि तरीही १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. एकुलती एक, आईच्या कामाचा उजवा हात, चाळिशीत. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवत होत्या. त्यांनी ते थांबवलं नाही. अखेरची मुद्रितं हातावेगळी केली आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. त्या नऊ महिन्यांत रमाबाई देवाशी काय बोलल्या असतील, याचा मी पुष्कळदा विचार करते. भाषांतर करताना ८८वं स्तोत्र त्यांच्या हाताखालून गेलंच असणार.

पौलानेही शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा मागितलं, निघाला नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही तीनदा मागितलं, प्याला टळला नाही. म्हणून "तुमचा विश्वास कमी पडला" असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, येशूचाही?

सांत्वनाला जायचंय. काय बोलू?

कमी. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली आणि त्याचे तिघे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता. तेवढं त्यांनी उत्तम केलं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांना स्पष्ट सांगतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत.

"देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात" हे कृपा करून कुणालाही म्हणू नका. लहान मूल गेलेल्या आईला मी हे ऐकताना पाहिलंय. तिने ओंजळीतली फुलं खाली ठेवून दिली. "दुसरं होईल" हेही नको. त्यापेक्षा डबा न्या. पिठलं-भाकरी चालेल, स्टीलचा डबा परत मागू नका. शाळेतून मुलांना आणा. गॅसचा नंबर लावा. मृत्यूचा दाखला काढायला महापालिकेत सोबत जा, तिथे माणूस फार एकटा पडतो. आणि गेलेल्याचं नाव घ्या. महिन्याभराने सगळेजण ते नाव टाळायला लागतात. घरच्यांना ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं असतं.

मंडळीनेच दुखावलंय. मग आश्रयाला कुठे जायचं?

आमच्या मंडळ्यांत निवडणुकांवरून, जमिनींवरून, एवढंच काय, लाऊडस्पीकरवरूनही कोर्टकचेऱ्या होतात. अडचणीत कुणी विचारलं नाही, उलट बोललेलं बाहेर फुटलं, असंही होतं. माझ्याबाबतीतही झालंय. दीड वर्ष मी दुसऱ्या उपासनेला जात होते, मागच्या बाकावर, आशीर्वाद झाला की सरळ बाहेर. त्याची मला लाज नाही. शरणपुरं सहा होती, एक नव्हतं. पण एकट्याने फार दिवस राहू नका. दोघी-तिघींची घरगुती प्रार्थना सुरू करा, त्यालाही मंडळीच म्हणतात.

आम्ही ख्रिस्ती नाही. प्रार्थना चालेल का?

चालेल म्हणजे काय! "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन" या येशूच्या बोलण्यात "सर्व" हा शब्द आहे आणि पुढे कंस नाही. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या आजी तुकोबांचा अभंग म्हणतात आणि मग "तुमचंही म्हणा" म्हणतात. आम्ही म्हणतो. फॉर्म भरून घेत नाही.

आज रात्री नेमकं काय वाचू? झोप येत नाही.

१२१वं वाचा, त्यात राखणारा डुलकीही घेत नाही असं आहे. म्हणजे कुणीतरी एकाने जागायचंय तर ते तुम्हीच असायची गरज नाही. मग चौथं. छोटं आहे, आणि शेवटी माणूस आडवा होऊन झोपतो. मोबाइलवर नको, पुस्तकात, आणि ओठ हलवून. राग असेल तर आधी ८८. मध्येच डोळा लागला तर लागू द्या, खूण सकाळी घाला.